नवा टीव्ही, जुना स्टिरिओ: मोटरहोममधील आवाजाची जोडणी

मुंबईला व्हॅनिटी व्हॅनचे अप्रूप नाही. गोरेगावच्या फिल्मसिटीच्या परिसरात त्या नेहमीच उभ्या दिसतात. कुटुंबाने फिरण्यासाठी ठेवलेली मोटरहोम मात्र शहरात अजून विरळाच. २०२१ मध्ये राज्य शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण आणले. तेव्हापासून असो वा त्याआधीपासून, ज्यांनी जुनी गाडी घेऊन ती आतून सजवली, त्यांच्यासमोर एक अडचण हमखास उभी राहते. डॅशबोर्डातला स्टिरिओ दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा असतो, त्याचे स्पीकर प्लायवूडच्या पॅनेलमध्ये पक्के बसवलेले असतात आणि त्यांचा आवाज आजही भरदार असतो. भिंतीवर नवा, पातळ टीव्ही येतो. त्याचे स्वतःचे स्पीकर मागच्या किंवा खालच्या बाजूला तोंड करून बसवलेले असतात, त्यामुळे छतावर पाऊस वाजत असताना किंवा एसी चालू असताना संवाद कळत नाहीत. मग जुन्या स्टिरिओला हा टीव्ही जोडावा असे वाटते. पण टीव्हीच्या मागे पाहिले तर जोडायचे कुठे, तेच समजत नाही.

अशा वेळी दुकानदार साउंडबार सुचवतो. घरासाठी तो सल्ला वाईट नाही. मोटरहोममध्ये मात्र साउंडबारला जागा लागते, वेगळी वीज लागते आणि घाटातल्या वळणांवर तो जागचा हलणार नाही याचीही व्यवस्था करावी लागते. पॅनेलमध्ये चांगले स्पीकर आधीच असताना हा सगळा खटाटोप करण्यात अर्थ नाही. बहुतेक गाड्यांमध्ये एक छोटी पेटी, दोन केबल आणि थोडा विचार एवढ्यावर काम भागते. त्यातला विचार मुख्यतः दोनच गोष्टींचा करायचा असतो: आवाज कोणत्या छिद्रातून बाहेर येतो, आणि दोन्ही उपकरणांची अर्थिंग कुठे एकत्र येते. आवाज न येणे आणि घरघर येणे या दोन नेहमीच्या तक्रारींची मुळे याच दोन गोष्टींत असतात.

आधी जुना स्टिरिओ तपासा

काहीही विकत आणण्यापूर्वी स्टिरिओची परीक्षा मोबाइलवर घ्यावी. स्टिरिओच्या दर्शनी भागावर ३.५ मिलिमीटरचे ऑक्सचे, म्हणजे बाहेरचा आवाज आत घेणारे, छिद्र असेल, तर दोन्ही टोकांना हेडफोनसारखी पिन असलेली साधी केबल घेऊन मोबाइल जोडावा आणि ओळखीचे गाणे लावावे. मोबाइलला हेडफोनचे छिद्र नसेल, तर टाइप-सी पिनचा छोटा अडॅप्टर लागेल. पुढे ऑक्स नसेल, तर स्टिरिओ चौकटीतून बाहेर काढून मागे पाहावे. बऱ्याच जुन्या डेकना, म्हणजे गाडीतल्या स्टिरिओंना, मागच्या बाजूने लाल आणि पांढऱ्या आरसीए सॉकेटची जोडी असते. तिच्यावर ‘इन’ लिहिले आहे की ‘आउट’, हे नीट वाचावे. ‘आउट’ असेल, तर ती बाहेरच्या अँप्लिफायरला आवाज देण्यासाठी असते आणि आपल्या कामाची नसते.

येथे एक बारकावा आहे. अनेक डेकमध्ये सोर्सचे बटण कितीही वेळा दाबले तरी पडद्यावर ऑक्स हा पर्यायच येत नाही. कारण तो मेनूमध्ये बंद करून ठेवलेला असतो. डेक बंद अवस्थेत असताना मेनूचे किंवा आवाजाचे बटण काही सेकंद दाबून धरले की अशा मॉडेलमध्ये आतली सेटिंग्ज उघडतात आणि तेथे ऑक्स चालू करता येतो. एवढे न करताच ‘ऑक्स खराब आहे’ असे ठरवून चांगले डेक भंगारात काढले जातात.

मोबाइलवरचे गाणे चारही स्पीकरमधून स्वच्छ ऐकू आले, तर स्टिरिओ, स्पीकर आणि त्यांमधल्या तारा ठीक आहेत. पुढे काही बिघडले तर दोष टीव्हीच्या बाजूला शोधायचा. एकाच बाजूने आवाज येत असेल, तर आधी सॉकेट साफ करावे. समुद्राच्या हवेत राहणाऱ्या गाडीत आरसीए सॉकेटच्या धातूवर फिकट हिरवट थर बसतो आणि वरवर पाहता तो लक्षातही येत नाही. पिन आत घालून दोन-चार वेळा गोल फिरवली की आवाज क्षणभर येतो आणि पुन्हा जातो, ही त्याची खूण. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा काँटॅक्ट क्लीनर घेऊन आतला आणि बाहेरचा धातू पुसला की बहुतेक वेळा काम होते. हे करताना स्टिरिओची वीज बंद असावी.

टीव्हीच्या मागचे कोणते छिद्र आवाज बाहेर देते

जुन्या टीव्हीला लाल-पांढऱ्या सॉकेटची ‘ऑडिओ आउट’ जोडी असे. नव्या टीव्हीत ती बहुधा नसते. मागे लाल-पांढरी-पिवळी सॉकेट दिसली, तरी ती जुना डीव्हीडी प्लेअर किंवा सेट-टॉप बॉक्स टीव्हीला जोडण्यासाठी असतात. म्हणजे आवाज तेथून आत जातो, बाहेर येत नाही. काही टीव्हींमध्ये ही तीन सॉकेट वाचवून त्यांच्या जागी ३.५ मिलिमीटरचे एकच छिद्र दिलेले असते आणि त्यावर ‘एव्ही इन’ असे लिहिलेले असते. ते दिसते हुबेहूब हेडफोनच्या छिद्रासारखे. त्यात ऑक्सची केबल खुपसून आवाजाची वाट पाहणारे लोक पुष्कळ असतात.

आवाज बाहेर देणारी ठिकाणे चार. हेडफोनचे छिद्र, ऑप्टिकल सॉकेट, ‘एआरसी’ किंवा ‘ई-एआरसी’ असे लिहिलेले एचडीएमआय सॉकेट आणि ब्लूटूथ. यांपैकी आपल्या टीव्हीला कोणती आहेत, हे खोक्यावर वाचून ठरवू नये. टीव्ही भिंतीवर चढवण्याआधी तो गादीवर पालथा ठेवून प्रत्येक सॉकेटचे नाव वाचावे आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. टीव्ही एकदा चढला की मागे हात जात नाही, नजर तर जातच नाही.

मार्ग निवडताना

हेडफोनचे छिद्र असेल, तर सर्वांत स्वस्त मार्ग तोच. एका टोकाला ३.५ मिलिमीटरची पिन आणि दुसऱ्या टोकाला स्टिरिओच्या सॉकेटप्रमाणे तशीच पिन किंवा लाल-पांढरी जोडी असलेली केबल पुरते. याचा मोठा फायदा असा की टीव्हीच्या रिमोटनेच आवाज कमी-जास्त होतो. टीव्हीचा आवाज साधारण तीन-चतुर्थांशावर ठेवावा आणि मग स्टिरिओवर नेहमीची पातळी ठरवावी. टीव्हीचा आवाज फार कमी ठेवून स्टिरिओचा वाढवला, तर मागे सुरसुर ऐकू येते. टीव्हीचा पूर्ण वाढवला, तर मोठ्या प्रसंगात आवाज फाटतो. दोष एकच: ही केबल तांब्याची असल्यामुळे टीव्ही आणि स्टिरिओ यांची अर्थिंग तिच्यातून जोडली जाते, आणि घरघर सुरू होण्याची शक्यता येथेच निर्माण होते.

माझ्या मते मोटरहोमसाठी ऑप्टिकल हा सर्वांत निर्धोक मार्ग आहे. ऑप्टिकल केबलमधून विजेऐवजी लाल प्रकाश जातो. केबल प्लॅस्टिकच्या तंतूची असते, त्यामुळे टीव्ही आणि स्टिरिओ यांच्यामध्ये धातूचा कोणताही दुवा राहत नाही. तोशिबाने १९८३ मध्ये हा जोड बाजारात आणला आणि तो आजही जवळजवळ तसाच वापरात आहे, हे इलेक्ट्रॉनिक्सच्या जगात दुर्मीळच म्हणायचे. जुना कार स्टिरिओ हा प्रकाश वाचू शकत नाही, म्हणून मध्ये डॅकची छोटी पेटी लागते. ती एका बाजूने ऑप्टिकल केबल घेते आणि दुसऱ्या बाजूने लाल-पांढऱ्या सॉकेटमधून साधा आवाज देते. तिला ५ व्होल्टची वीज लागते. या मार्गाची गैरसोय म्हणजे बहुतेक टीव्ही ऑप्टिकलमधून आवाज एकाच ठरलेल्या पातळीवर देतात, त्यामुळे रिमोटने तो कमी होत नाही. स्टिरिओपर्यंत जावे लागते. यावर उपाय म्हणून आवाजाची खुंटी असलेला डॅक मिळतो. तो सोफ्याजवळ बसवला की उठावे लागत नाही.

काही छोट्या आणि अगदी नव्या टीव्हींना ऑप्टिकल सॉकेट नसते. तेथे एआरसी वापरावे. २००९ च्या एचडीएमआय १.४ या आवृत्तीपासून हे आले. यात टीव्ही त्याच केबलमधून आवाज उलट दिशेने बाहेर पाठवतो. यासाठी एआरसी ओळखणारी एक्स्ट्रॅक्टर पेटी, म्हणजे केबलमधला आवाज वेगळा काढून देणारी पेटी, घ्यावी लागते. बाजारात तिच्यासारखीच दिसणारी दुसरी पेटी मिळते. ती सेट-टॉप बॉक्स आणि टीव्ही यांच्यामध्ये बसते आणि जाणाऱ्या आवाजाचा एक हिस्सा वेगळा काढते. टीव्हीच्या आतल्या अॅपचा आवाज तिला मिळत नाही. म्हणून खोक्यावर ‘एआरसी’ ही अक्षरे स्पष्ट असल्याशिवाय घेऊ नये आणि दुकानदार ‘दोन्ही एकच’ म्हणाला तरी ऐकू नये. शिवाय टीव्हीच्या मेनूमध्ये सीईसी, म्हणजे एचडीएमआयने जोडलेल्या उपकरणांना एकमेकांना सूचना देऊ देणारी सोय, चालू करावे लागते. प्रत्येक कंपनीने त्याला आपापले वेगळे नाव दिलेले असते.

ब्लूटूथ मोहक वाटते, कारण त्यात तार नाही. पण साध्या ब्लूटूथमध्ये आवाज साधारण ०.१५ ते ०.२५ सेकंद मागे राहतो. गाण्यांना ते चालते. चित्रपटात मात्र ओठ आधी हलतात आणि शब्द नंतर येतात. टीव्ही आणि स्टिरिओ दोन्ही कमी विलंबाचा कोडेक (आवाज गुंडाळण्याची आणि उलगडण्याची पद्धत) जाणत असतील तर गोष्ट वेगळी; जुन्या डेककडून तशी अपेक्षा ठेवू नये.

ज्यांच्या डेकला ऑक्सच नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. कॅसेटचा डेक असेल, तर कॅसेटच्या आकाराचा अडॅप्टर मिळतो. त्याची तार हेडफोनच्या छिद्रात किंवा डॅकला जोडली की डेकला वाटते कॅसेटच चालू आहे. आवाज बरा येतो, यंत्राची कुरकुर मात्र ऐकू येत राहते. एफएम ट्रान्समीटरच्या, म्हणजे आवाज रेडिओच्या लहरींवरून स्टिरिओला पाठवणाऱ्या पेटीच्या, वाटेला मुंबईत जाऊ नये. येथे बँडवर इतकी केंद्रे आहेत की मोकळी जागा सापडली तरी गाडी पुढे सरकताच दुसऱ्याचे गाणे घुसते. यापेक्षा ऑक्स असलेला साधा डेक बसवावा. स्पीकर तेच राहतात आणि निम्मी डोकेदुखी संपते.

सामान

लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे ग्रँट रोड स्थानकाजवळच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, हे सगळे एका फेरीत मिळते. ऑप्टिकल केबल घेताना पॅनेलच्या आतून जाणाऱ्या मार्गाची लांबी दोरीने मोजून न्यावी आणि त्यात अर्धा मीटर वाढवावा. डॅकपासून स्टिरिओपर्यंतची आरसीए केबल शील्ड असलेली आणि शक्य तितकी आखूड असावी. ऑप्टिकल केबल लांब आणि तांब्याची केबल आखूड, हे धोरण ठेवावे. म्हणजे डॅक टीव्हीमागे न ठेवता स्टिरिओजवळ ठेवावा. याशिवाय १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा चांगला कन्व्हर्टर, फ्यूज होल्डर, योग्य मापाचे फ्यूज, रबरी ग्रोमेट (छिद्राच्या कडेला बसणारी कडी), केबल टाय आणि थिंबल (तारेच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) लागतील. घरी मल्टिमीटर नसेल, तर तोही घ्यावा. टेस्टर स्क्रूड्रायव्हरने १२ व्होल्टचे काम होत नाही.

प्रत्यक्ष जोडणी

सर्व काही पक्के बसवण्याआधी एकदा जमिनीवरच जोडून पाहावे. टीव्ही सोफ्यावर ठेवून, केबल मधल्या वाटेत मोकळ्या सोडून आवाज येतो का ते पाहायचे. हा अर्धा तास वाचवण्याचा मोह टाळावा, कारण प्लायवूडमागे गेलेली केबल पुन्हा बाहेर काढणे हे पॅनेल नव्याने बसवण्याइतकेच कष्टाचे असते.

ऑप्टिकल केबलच्या दोन्ही टोकांना पारदर्शक प्लॅस्टिकची इवलीशी टोपी असते. ती इतकी चपखल बसलेली असते की अनेकांना ती पिनचाच भाग वाटते, आणि मग पिन सॉकेटमध्ये शिरत नाही म्हणून जोर लावला जातो. आधी नखाने दोन्ही टोप्या काढाव्यात. टीव्ही चालू करून केबलचे एक टोक त्यात बसवावे आणि दुसरे टोक तळहाताकडे वळवावे. तळहातावर लाल ठिपका दिसला, तर टीव्हीतून आवाज बाहेर पडतो आहे. ठिपका नसेल, तर डॅक बदलून उपयोग नाही. दोष टीव्हीच्या सेटिंगमध्ये किंवा केबलमध्ये आहे. पिनला वरची बाजू असते, म्हणून बसवताना सॉकेटचा आकार पाहावा. नीट बसली की हलकासा ‘टक्’ असा आवाज येतो.

चाचणी झाली की कायमच्या कामाला लागावे. बॅटरीची उणे तार आधी काढावी आणि सर्व काम संपल्यावर शेवटी जोडावी. २३० व्होल्टचे बाहेरचे कनेक्शन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद असावेत. ऑप्टिकल केबल पॅनेलमागून नेताना तिला काटकोनात मोडू नये. वळणाचा व्यास पाच सेंटिमीटरपेक्षा कमी होऊ देऊ नये, नाहीतर आतला तंतू चिरतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. पत्र्यातल्या प्रत्येक छिद्रात रबरी ग्रोमेट बसवावे. आरसीए केबल इन्व्हर्टरच्या जाड तारांच्या शेजारून समांतर नेऊ नये. त्या ओलांडणे भागच असेल, तर काटकोनात ओलांडावे.

टीव्ही हलत्या आर्मवर असेल, तर बिजागरीपाशी केबलला सैल वळण ठेवावे आणि पिनपासून चार बोटांवर केबल टायने ती आर्मला बांधावी. बोरघाट किंवा कसारा घाट एकदा उतरला की न बांधलेली पिन सॉकेटमधून अर्धी बाहेर आलेली दिसते. टीव्ही स्वतः कुलूप असलेल्या ब्रॅकेटवर असावा आणि तो ब्रॅकेट नुसत्या प्लायवर न बसवता मागच्या धातूच्या पट्टीवर बसवावा. गाडी चालू असताना टीव्ही चालकाच्या नजरेस पडता कामा नये.

डॅकची वीज कोठून घ्यायची, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण अर्धे यश त्यावर अवलंबून आहे. टीव्हीच्या यूएसबी सॉकेटमधून ती घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, कारण टीव्ही बंद झाला की डॅकही बंद होतो. पण असे केल्याने यूएसबीच्या तारेतून टीव्हीची अर्थिंग डॅकपर्यंत आणि तेथून स्टिरिओपर्यंत पोहोचते; म्हणजे ऑप्टिकल केबल घेऊन जो दुवा तोडला, तो मागच्या दाराने पुन्हा जोडला जातो. म्हणून डॅकची वीज स्टिरिओच्याच लाल तारेवरून, १२ ते ५ व्होल्टच्या कन्व्हर्टरमार्फत, छोटा फ्यूज घालून घ्यावी आणि त्याची उणे तार स्टिरिओच्या काळ्या तारेजवळच जोडावी. मग स्टिरिओ चालू केला की डॅक चालू होतो आणि अर्थिंगही एकाच ठिकाणी राहते.

स्टिरिओच्या तारा आणि बॅटरी

गाड्यांमधला डेक बहुधा गाडीच्या इंजिनाच्या बॅटरीवर चालतो आणि चावी फिरवल्याशिवाय चालू होत नाही. तारकर्लीला झाडाखाली गाडी लावून रात्री चित्रपट पाहायचा आणि सकाळी इंजिन सुरूच झाले नाही, असा प्रसंग नको असेल, तर डेक घरगुती वापराच्या दुसऱ्या बॅटरीवर घ्यावा. नंतर बसवलेल्या डेकमध्ये सर्वसाधारणपणे पिवळी तार कायमच्या १२ व्होल्टची असते आणि तिच्यावर घड्याळ व सेटिंग्ज टिकतात, लाल तार चावीवर चालू-बंद होते, काळी अर्थिंगची. पिवळी आणि लाल दोन्ही दुसऱ्या बॅटरीवर घ्याव्यात, लाल तारेवर हाताशी येईल असा स्विच बसवावा आणि काळी तार त्याच बॅटरीच्या उणे पट्टीवर न्यावी. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असावा आणि त्याचे माप डेकच्या मागे लावलेल्या फ्यूजइतकेच, बहुधा १० किंवा १५ अँपिअरचे, असावे. आधीच्या कारागिराने हाताला आली ती तार जोडून लांबी वाढवलेली असण्याची शक्यता मोठी असते, म्हणून रंगावर विसंबू नये. प्रत्येक तार मल्टिमीटरने तपासावी.

स्पीकरच्या तारा पांढरी, करडी, हिरवी आणि जांभळी अशा जोड्यांत असतात आणि काळी रेघ असलेली तार त्या जोडीची उणे असते. ही उणे तार गाडीच्या बॉडीला कधीही जोडू नये. आधुनिक डेकचा अँप्लिफायर स्पीकरच्या दोन्ही तारा स्वतः चालवतो आणि त्यातली एक बॉडीला लागली तर तो जळतो. तसेच स्पीकरच्या तारा टीव्हीच्या कोणत्याही सॉकेटला लावू नयेत.

विजेचा हिशेब सोपा आहे. ३२ इंची टीव्ही ५० वॅट घेतो असे धरले, तर इन्व्हर्टरमधली घट जमेस धरून बॅटरीतून साधारण ५ अँपिअर जातात. मध्यम आवाजात डेक आणि डॅक मिळून २ अँपिअर. तीन तासांच्या चित्रपटाला २१ अँपिअर-तास लागतात. १०० अँपिअर-तासाच्या लेड-अॅसिड बॅटरीतून निम्म्याहून अधिक वीज काढू नये, असे मानले जाते. म्हणजे दोन चित्रपट होतात, पण पंखा आणि दिवे विसरता येत नाहीत.

छोटा टीव्ही अडॅप्टरवर चालणारा असेल, तर त्याच्या मागचा स्टिकर वाचावा. १२ व्होल्ट लिहिले असेल, तर इन्व्हर्टर टाळता येतो. मात्र चार्जिंगच्या वेळी बॅटरीचा दाब १४.४ व्होल्टपर्यंत जातो, म्हणून मध्ये १२ व्होल्ट स्थिर ठेवणारा कन्व्हर्टर घालावा. अनेक टीव्ही १९ व्होल्टचे असतात. त्यांना दाब वाढवणारा कन्व्हर्टर लागतो. पिन बसते म्हणून व्होल्टेज जुळते, असे नाही.

टीव्हीच्या मेनूमध्ये

जोडणी बरोबर असूनही शांतता असेल, तर नव्वद टक्के शंका डिजिटल आवाजाच्या स्वरूपावर घ्यावी. टीव्हीच्या ध्वनी-विभागात आधी आवाजाचा मार्ग ‘ऑप्टिकल’ किंवा ‘एचडीएमआय एआरसी’ असा निवडावा आणि त्यानंतर डिजिटल आउटपुटचे स्वरूप ‘पीसीएम’ (न गुंडाळलेला साधा आवाज) करावे. ‘ऑटो’, ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पास-थ्रू’ ठेवले, तर काही कार्यक्रमांत टीव्ही डॉल्बीचा गुंडाळलेला प्रवाह पाठवतो. साध्या डॅकला तो उलगडता येत नाही आणि मग एकतर काहीच ऐकू येत नाही किंवा खरखर येते. बातम्यांच्या वाहिनीवर आवाज आहे पण एखाद्या अॅपवरच्या चित्रपटात नाही, असे झाले तर कारण हेच.

टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बंद करावेत. दोन्हीकडून आवाज आला तर तो घुमतो. स्टिरिओच्या फेडरने (पुढच्या-मागच्या स्पीकरमध्ये आवाज वाटणाऱ्या सेटिंगने) आवाज मागच्या स्पीकरकडे वळवावा, म्हणजे चालकाच्या दारातले स्पीकर रिकाम्या केबिनला गाणी ऐकवत बसणार नाहीत. बास वाढवण्याआधी पॅनेलवर हात ठेवून पाहावे. प्लाय थरथरत असेल तर स्पीकरच्या कडेला फोमची पट्टी लावावी.

घरघर आली तर

कान लावून ऐकले, तर घरघर स्वतःच आपले कारण सांगते. बाहेरचे २३० व्होल्टचे कनेक्शन लावल्यावर येणारा खोल, एकसुरी गुंजारव हा ५० हर्ट्झचा किंवा त्याच्या दुपटीचा असतो. टीव्ही आणि स्टिरिओ दोन वेगवेगळ्या मार्गांनी अर्थ झाल्यामुळे केबलच्या शील्डमधून बारीक प्रवाह फिरतो, त्याचा हा आवाज. इंजिन चालू असताना येणारी आणि रेस वाढवली की चढत जाणारी शीळ अल्टरनेटरची. इंजिन बंद असताना, केवळ इन्व्हर्टरवर येणारी तीक्ष्ण झुणझुण ही स्वस्त इन्व्हर्टरच्या ओबडधोबड लहरीची असते. तिच्यावर शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर किंवा १२ व्होल्टचा टीव्ही हाच उपाय.

शोध घेताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्रथम स्टिरिओच्या मागची आरसीए केबल काढावी. घरघर थांबली नाही, तर दोष स्टिरिओच्या वीजपुरवठ्यात किंवा अर्थिंगमध्ये आहे आणि टीव्हीचा त्याच्याशी संबंध नाही. काळ्या तारेचे टोक गंजले आहे का पाहावे, रंग खरवडून उघड्या धातूवर घट्ट बसवावे. घरघर थांबली, तर केबल पुन्हा लावून टीव्हीची डिश किंवा केबलची गोल तार काढून पाहावी. या जाड तारेचे बाहेरचे वेष्टनही अर्थिंगला जोडलेले असते आणि दोषी तीच निघण्याची शक्यता बरीच असते. ऑप्टिकल वापरूनही घरघर राहिली, तर डॅकची वीज कुठून येते ते पुन्हा तपासावे; ५ व्होल्टचा स्वस्त कन्व्हर्टर स्वतःही चिरचिर करतो. हेडफोनच्या छिद्रातून जोडणी केली असेल, तर ग्राउंड लूप आयसोलेटर ही छोटी पेटी केबलच्या मध्ये लावावी. तिच्यात दोन लहान ट्रान्सफॉर्मर असतात, तेवढ्याने गुंजारव जातो, बास किंचित कमी होतो. टीव्हीच्या तीन पिनी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा जो इलाज कोणीतरी सुचवतो, तो कधीही करू नये. घरघर जाईल, पण गाडीच्या पत्र्यात वीज उतरली तर ती माणसाच्या अंगातून जमिनीत जाईल.

गाडीत जुने होम थिएटर असेल तर

काही गाड्यांमध्ये डेकऐवजी डीव्हीडीचे ५.१ होम थिएटर बसवलेले असते. त्याच्या मागे ऑप्टिकल इन असेल, तर डॅकची गरज नाही. टीव्हीमध्ये ‘डॉल्बी डिजिटल’ निवडावे. ‘डॉल्बी डिजिटल प्लस’ जुन्या यंत्राला समजत नाही आणि ऑप्टिकल केबलमधून ते जातही नाही. फक्त लाल-पांढरे ऑक्स असेल, तर डॅक लावावा आणि होम थिएटरच्या रिमोटवरचे ‘प्रो लॉजिक’ बटण दाबून दोन मार्गांचा आवाज पाच स्पीकरमध्ये पसरवावा. या यंत्रांच्या सबवूफरची पेटी वजनदार असते, ती जमिनीला पट्टीने आवळावी. रिमोट हरवला असेल, तर चोरबाजारात जुन्या मॉडेलचा रिमोट मिळण्याची आशा ठेवायला हरकत नाही. न मिळाल्यास मात्र अडचण येते, कारण या यंत्रांतील बरीच सेटिंग्ज रिमोटशिवाय उघडत नाहीत. म्हणून सेटिंग्ज एकदा लावली की त्यांचेही फोटो काढून ठेवावेत.

पावसाळ्यात गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल, तर स्टिरिओचा पुढचा भाग काढता येत असल्यास तो घरात न्यावा, ऑप्टिकलच्या मोकळ्या सॉकेटवर मूळ टोप्या परत लावाव्यात आणि गाडी बाहेर काढण्याच्या आदल्या दिवशी आरसीएच्या पिना एकदा काढून, पुसून पुन्हा बसवाव्यात.